उजवा पाय

मी तांब्याचं घंगाळ बोलतोय. दोन कड्या, पोटाला तीन पोचे, आणि काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: सौ. तानूबाई पाटोळे. दिल्लीत द्वारकेच्या एका चर्चमध्ये, वेदीमागच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम आहे. पवित्र गुरुवारी माझ्यात बारा माणसांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. गेल्या वर्षीपासून हे काम माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

तशी स्वस्थता मला पहिल्यापासूनच कमी. संगमनेरच्या तांबटाने मला हातोडीने ठोकून घडवलं; ते ठोके अजून अंगात आहेत. तानूबाईच्या लग्नात तिच्या आईने मला दिलं. शेताकडेच्या दोन खणी घरात मी चुलीशेजारी असायचो. सकाळी आंघोळीचं पाणी, दुपारी भिजवलेली डाळ, संध्याकाळी शेतावरून आलेल्यांचे मातीचे पाय. मोठ्या दिवसांच्या आधी चर्चसाठी झेंडूच्या राशी. तानूबाईचा एकुलता एक मुलगा, जयदीप, जन्मला आणि पाचव्या दिवशी त्याची पहिली आंघोळ माझ्यातच झाली.

जयदीप फौजेत गेला. त्याचे वडील वारले. तानूबाई एकटीच राहिली, आणि शेवटी दोन हिवाळ्यांपूर्वी, नोव्हेंबरमध्ये, घराला कुलूप लावून मुलाकडे दिल्लीला आली. गाडीत सामान कमी घ्या असं सुनेने, प्रणिताने, फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. तानूबाईने सामान कमीच घेतलं. फक्त मला सोडलं नाही. माझ्यात बाजरी, कुरडया आणि लोणच्याची बरणी भरून वरून लुगड्याने बांधलं आणि मांडीवर धरून बसली.

जयदीप तोवर हवालदार म्हणून निवृत्त होऊन द्वारकेतल्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झाला होता. दोन खोल्यांचा फ्लॅट. मला ओट्याखाली जागा मिळाली आणि पोटात कांदे-बटाटे. तिथून घर सगळं दिसायचं, आणि त्या घरात एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच खटकली. जयदीप घरात मोजे घालून वावरायचा.

तो थोडा लंगडायचाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "गुडघा आहे गं. फौजेतल्या सगळ्यांचा जातो." मग रोज जेवण झाल्यावर तानूबाई तिळाचं तेल कोमट करून त्याचा गुडघा चोळायची. तो मुकाट्याने पाय लांब करून बसायचा, मोजा तसाच. प्रणिता भांडी घासता घासता एकदा वळून बघायची आणि पुन्हा तोंड फिरवायची.

खरं काय ते ती दोघं एकदा बोलली, तानूबाई खाली भाजीला गेली होती तेव्हा. अकरा वर्षांपूर्वी उंचावरच्या एका चौकीवर जयदीपच्या उजव्या पायाला हिमदंश झाला होता. पाचही बोटं कापावी लागली. त्याच महिन्यात इकडे वडील गेले होते, म्हणून आईला कळवलं नाही. मग कळवायचं राहून गेलं. सुट्टीवर गावी गेला की पायात बूट किंवा मोजे. आता आई घरातच राहायला आली होती आणि हिवाळा संपत आला होता.

"उन्हाळ्यात काय सांगणार आहात?" प्रणिता म्हणाली.

"बघू."

"अहो, आई आहेत त्या. ऑफिसर नाहीत, रिपोर्ट द्यायला."

"बघू म्हटलं ना यार," जयदीप म्हणाला, आणि डबा घेऊन ड्यूटीवर निघून गेला.

चाळीस दिवसांचा उपवासकाळ सरत आला तशी चर्चमध्ये धांदल सुरू झाली. झावळ्यांचा रविवार, मग गुरुवार, गुड फ्रायडे, शनिवारची जागरणाची मिस्सा म्हणजे रात्रीची उपासना, ईस्टर. मांडव, खुर्च्या, पिण्याचं पाणी, मैदानावरची क्रुसाच्या वाटेची मिरवणूक, पार्किंग. हे सगळं जयदीपकडे. दिवसभर सोसायटीची ड्यूटी आणि संध्याकाळी चर्च. बसायचा म्हणून नाही. मला वाटतं, माणसाला एखादी गोष्ट लपवायची असली की तो फार कामाला लागतो.

पाय धुण्याचा प्लॅस्टिकचा टब त्या वर्षी तडकला होता. प्रणिता चर्चच्या मीटिंगमध्ये सहज बोलून गेली, "आमच्याकडे सासूबाईंचं घंगाळ आहे." दुसऱ्या दिवशी माझ्यातले कांदे-बटाटे निघाले. तानूबाईने चिंच आणि मीठ घेऊन मला असं काही घासलं की तीन पोचेसुद्धा दागिन्यासारखे दिसायला लागले. मग मला कडेवर घेऊन ती स्वतः चर्चमध्ये आली. त्याच वेळी तिथे बारा जणांची यादी वाचून दाखवत होते.

वाचत होत्या अलकनंदा मॅडम. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या, उपासनेची सगळी शिस्त त्यांच्या हातात. एक नर्स, एक टॅक्सीवाला, परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी, दोन आजोबा. आठवं नाव आलं, जयदीप पाटोळे.

जयदीप मागे खुर्च्या रचत होता. त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"फादर, मैं तो ड्यूटी पर रहूँगा," तो म्हणाला.

फादर टोप्पो झारखंडचे. कमी बोलायचे. "एक घंटा कोई और देख लेगा, पाटोळेजी. आप बरसों से सबको बिठाते हैं. इस बार आप बैठिए."

माझ्या कड्या किणकिणल्या, कारण तानूबाईने मला पोटाशी घट्ट ओढलं होतं. आनंदाने. घरी गेल्यावर तिने काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी प्रणिताच्या तोंडून कळलं. गावातल्या सगळ्यांना फोन. भावजयीला, शेजारणीला, दूधवाल्याला. माझ्या जयदीपचे पाय फादर धुणार आहेत, आणि तेही माझ्या घंगाळात.

बुधवारी संध्याकाळी तालीम झाली. वेदीसमोर बारा खुर्च्या.

"सगळ्यांनी उजवा पाय," अलकनंदा मॅडम म्हणाल्या. "बूट आधीच सैल करून बसायचं. फादर आले की मोजा काढायचा. वेळ घालवायचा नाही."

"मॅडम, माझा डावा चालेल?" जयदीपने विचारलं.

"डावा कशाला?"

"असंच."

"अकरा जणांचा उजवा आणि तुमचा एकट्याचा डावा? रांग कशी दिसेल, पाटोळे? तुम्ही तर फौजेतले."

जयदीपने पाय खुर्चीखाली ओढून घेतला. सगळे गेल्यावर तो एकटाच आठव्या खुर्चीवर बसून राहिला. मी समोर जमिनीवर. त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग उठून मांडवाचे दोर तपासायला गेला. ते त्याने दुपारीच तपासले होते.

गुरुवारी चर्च भरून माणसं बाहेर मांडवापर्यंत होती. माझ्यात पाणी ओतलं गेलं आणि मी कासावीस झालो. विमानतळ जवळ असल्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान डोक्यावरून उतरतं, आणि पाण्यावर बारीक शहारा येतो. लोकांना तो दिसत नाही. मला वाटत होतं, आज सगळ्यांना दिसेल.

पहिल्या रांगेत कडेला तानूबाई, ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात. तिच्याशेजारी प्रणिता, मान खाली घालून.

फादर टोप्पो एकेका खुर्चीपुढे गुडघ्यावर बसत होते. पाय माणसाबद्दल किती सांगतात. नर्सच्या टाचा उभं राहून राहून चिरलेल्या. टॅक्सीवाल्याच्या अंगठ्याला घट्टा. परीक्षावाल्या मुलीने नखं घाईघाईने कापलेली. आजोबांनी पाय घरूनच धुऊन आणलेला, साबणाचा वास येत होता. लोक पाय धुवून घ्यायला येतानासुद्धा पाय धुऊन येतात.

आठवी खुर्ची. जयदीपने डावा पाय पुढे केला.

"उजवा," मागून अलकनंदा मॅडम कुजबुजल्या.

फादरनी वर बघितलं. "कोई बात नहीं," ते हळूच म्हणाले. "जो आप देना चाहें."

इतकं सोपं झालं होतं. डाव्या पायावर पाणी पडलं असतं, रुमाल फिरला असता, आणि गोष्ट आणखी एक वर्ष झाकली गेली असती. जयदीपची नजर आईकडे गेली. नीट दिसावं म्हणून तानूबाई बाकाला धरून उभी राहिली होती. गावाला फोनवर सांगण्यासाठी ती सगळं डोळ्यांत साठवून घेत होती.

जयदीपने डावा पाय मागे घेतला. उजवा बूट काढला, आणि मोजा ओढला.

मोज्याबरोबर फोमचा एक तुकडा निघाला, बुटाचं पुढचं टोक भरून काढायला ठेवलेला. तो माझ्या पाण्यात पडला आणि तरंगायला लागला. फादरनी तो उचलून रुमालात गुंडाळला, जसं काही तेही विधीतच होतं. मग तो पाय दोन्ही हातांत घेतला. पुढे बोटं नव्हती. आखूड, गुळगुळीत, आत वळलेली कातडी. पाणी त्यावरून माझ्यात आलं. फादरनी पाय पुसला आणि त्याचं चुंबन घेतलं. नवव्या खुर्चीकडे जायला त्यांना थोडा वेळ लागला.

तानूबाई खाली बसली. रडली नाही. तिने पदर डोक्यावर घेतला आणि मिस्सा संपेपर्यंत वेदीकडे बघत राहिली.

नंतर माझ्यातलं पाणी मागच्या झाडाच्या मुळाशी ओतायला तीच आली. हे काम तिने आधीच मागून घेतलं होतं. जयदीप तिच्या मागोमाग आला.

"किती वर्षं झाली?" तिने न वळता विचारलं.

"अकरा."

"कुठं?"

"वर. बर्फात."

"फार दुखलं?"

"तेव्हा कळलंच नाही. नंतर दुखलं."

तिने पाणी ओतलं. मला नळाखाली धरलं, पण नळ सोडला नाही.

"आणि मी गुडघा चोळत बसले," ती म्हणाली. "ठणठणीत गुडघा."

"आई, तेव्हा बाबा नुकतेच गेले होते. तुला आणखी कसं..."

"बरं. त्या वर्षी नाही सांगितलंस. दुसऱ्या वर्षी?"

जयदीप वाकून नाडी बांधायला लागला, बांधलेलीच.

"तिसऱ्या वर्षी?"

त्याने सरळ होऊन मला घ्यायला हात पुढे केले.

"ह्या घंगाळात न्हाऊ घालताना तुझी बोटं मोजायचे मी. रोज. वेड्यासारखी. दहा आहेत का बघायचे." तिने मला त्याच्या हातात दिलं. "माझी मोजलेली बोटं होती ती. गेलेली मला कळायला नको?"

ती निघून गेली. प्रणिता तिच्यामागे धावली. जयदीप मला छातीशी धरून नळापाशी उभा राहिला, कितीतरी वेळ.

शुक्रवारी ती त्याच्याशी बोलली नाही. उपवासाचा दिवस, तसंही सगळे कमी बोलतात. त्यामुळे बाहेरच्या कुणाला कळलं नाही. मी आतल्या खोलीत होतो. घंटा बंद होत्या. मैदानावरून क्रुसाच्या वाटेची गाणी ऐकू येत होती, आणि मधूनच जयदीपचा आवाज, "गाडी उधर लगाइए, भाईसाहब." सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तो पाय त्याला किती वेळ उभा ठेवत असेल, याचा हिशेब मी पहिल्यांदाच करत होतो, आणि मला वाटलं, आणखी कुणीतरी करत असेल.

शनिवारी सकाळी ईस्टरसाठी चर्च धुवायला निम्मी वस्ती आली. खराटे, बादल्या, शिड्या. फुलांच्या पेंड्या आल्या. त्या भिजत ठेवायला अलकनंदा मॅडमना मी हवा होतो. पण त्यांच्या आधी तानूबाईने मला उचललं. चहाच्या टेबलावरून गरम पाणी घेतलं, नळाचं मिसळलं, वर मूठभर मीठ. मला अंगणात एका खुर्चीपुढे ठेवून हाक मारली, "जयदीप."

तो शिडी धरून उभा होता. शिडी दुसऱ्याच्या हातात देऊन आला.

"बस. बूट काढ."

"आई, सगळे आहेत इथे."

"परवा सगळे नव्हते?"

तो बसला. पाय सुजून लाल झाला होता. तानूबाईने तो माझ्यात घेतला आणि धुवायला लागली. फादरसारखा नाही. पोराचा धुतात तसा, खसखसून. टाचेचा मळ काढत होती, कुरकुरत होती. पण बोटांच्या जागी आली तेव्हा तिचा हात हळू झाला. एकेक जागा तिने अंगठ्याने चाचपली. ओठ हलत होते. प्रार्थना होती की मोजणी, मी इतक्या जवळ असूनही मला सांगता येणार नाही.

अलकनंदा मॅडम फुलं घेऊन आल्या. बघितलं. एक क्षण थांबून म्हणाल्या, "अच्छा. बादली चालेल मला," आणि परत गेल्या.

"पाय धुतला म्हणजे राग गेला असं समजू नको," तानूबाई म्हणाली.

"नाही."

"अजून आहे."

"असू दे."

"आता सांग. पहिल्यापासून सांग. कोण कोण होतं तिथं, काय खात होता, बर्फ केवढा होता."

आणि जयदीपने सांगितलं. अडखळत, मध्येच हिंदीत शिरत. पाणी गार झालं तरी तिने पाय बाहेर काढू दिला नाही.

त्याला आता वर्ष होईल. जयदीप घरात अनवाणी वावरतो, असं प्रणिता सांगते. तानूबाई गावाला पुन्हा सगळ्यांना फोन करून त्या चौकीची हकिकत सांगते, आणि दर वेळी बर्फ थोडा जास्त पडतो.

उपवासकाळ परत सुरू झाला आहे. कपाटाबाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो आणि माझ्या कड्या आपोआप हलतात. यादी अजून लागलेली नाही. कुणाचा पाय येईल, त्याच्याबरोबर काय काय येईल, मला ठाऊक नाही, आणि हीच माझी धाकधूक आहे. तुमचं नाव निघालं तर एक विनंती करतो. घरून पाय धुऊन येऊ नका. जसा असेल तसा आणा. मी तांब्याचा आहे, मला काही होत नाही.