कोळीवाड्यातलं बॉनेट

माझी गाडी दोन सीटची. ती घरी आली तेव्हा आम्ही घरात पाच माणसं होतो. सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आणि मी कुठं बसायचं? डिकीत?" डिकी उघडून दाखवली. त्यात भाजीची एक पिशवी जेमतेम मावली असती. "बरं झालं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हा मी तळोज्याच्या एका कारखान्यात टायपिंगला होते. आमचे साहेब कॅनडाला निघाले होते आणि त्यांची ही लाल, उघड्या टपाची गाडी कुणी घेईना. गोव्यातल्या एका छोट्या कारखान्यानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशा मोजक्या गाड्या हातानं बनवल्या आणि शटर ओढलं. नाव 'कोरल'. वरचं अंग सगळं फायबरचं. मी ती का घेतली, हे सत्यजीतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, वीस वर्षांत तीनदा विचारलंय. तिन्ही वेळा मी चहा टाकायला उठलेय.

दुरुस्ती मी स्वतःच शिकले, कारण पनवेलमधल्या कुठल्याही गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक आधी तिच्यासोबत फोटो काढायचे आणि मग म्हणायचे, "मॅडम, याचं सामान मिळत नाही." साहेबांनी दिलेलं इंग्रजी मॅन्युअल डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. कार्ब्युरेटर पहिल्यांदा उघडला तो ओट्यावर, स्टीलच्या ताटात. पान वाढतात तसे भाग मांडले. मिठाच्या जागी सर्वांत बारीक जेट, भाताच्या जागी फ्लोट. त्यामुळे जोडताना एकही चुकला नाही.

चालू स्थितीतल्या कोरल आता देशभरात अकरा आहेत. त्यांच्या मालकांचा एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपवर मला मान आहे. कारण बाकी दहाजणांनी कधी ना कधी गाडीला रंग मारून घेतलाय. माझी एकटीच कारखान्यातून निघाली त्या कातडीत आहे. फायबरचा लाल रंग वरून मारलेला नसतो, तो अंगाचाच सर्वांत वरचा थर असतो. एकदा गेला की गेला. कुणीतरी विचारलं, तुम्ही बॉनेटला लावता तरी काय? मी लिहिलं, "स्वच्छ पाणी आणि मऊ सुती कापड. बाकी काही नाही." दहा अंगठे आले.

हे खोटं होतं. दर रविवारी गाडी धुतल्यावर मी तिला खोबरेल तेल लावते. अगदी चार थेंब, तळहातावर चोळून. एका उन्हाळ्यात रंग पांढुरका दिसायला लागला, घाबरून जे हाताशी होतं ते लावलं, आणि रंग पुन्हा फुलला. आता मालकांच्या त्या ग्रुपवर, जिथं लोक जर्मन वॅक्सची नावं घेतात, तिथं मी काय सांगणार होते? की आमची कोरल वेणीफणी करून बसते?

मग ग्रुपवर इरा आली. रोडपालीला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे, वय एकोणतीस. ग्रुपवर सगळे मला मॅडम म्हणतात, हिनं पहिल्याच दिवशी काकू केलं. कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं तिला बारावी कोरल सापडली होती. बॉनेट सोडून सगळी. बॉनेट कोणीतरी काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं होतं आणि पुढं एक ट्रक रिव्हर्स घेताना खुराड्यावरून गेला. कोंबड्या वाचल्या.

"काकू, तुमच्या बॉनेटवरून साचा घेता येईल," ती फोनवर म्हणाली. "एकदाच. त्यात माझं नवीन ओतायचं. बाकी कुणाच्या बॉनेटवरून घेतला तर रंगाचे थर, पुट्टी, सगळंच उतरेल. खरा आकार फक्त तुमचाच राहिलाय."

त्याच संध्याकाळी कोइमतूरच्या एका मालकानं मला वेगळा मेसेज पाठवला. हात लावू देऊ नका. साचा चिकटला तर निघताना तुमचा रंग घेऊन निघेल. अशी एकच गाडी उरली आहे.

आठ दिवस मला त्यांचंच पटत होतं. नवव्या दिवशी, नाही म्हणायला म्हणून, मी रोडपालीला गेले. नाही हा शब्द समोरासमोर सांगावा असं मला वाटतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेवटच्या खांबाशी तिची गाडी उभी होती. बॉनेटच्या जागी कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सुतळीनं बांधला होता. इंजिनावर भाऊ हात जोडून हसत होते. इरानं फ्लेक्स उचलला. खाली इंजिनाचा नट न नट दातांच्या ब्रशनं घासलेला, वायरी नव्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली.

"सुरू होते?" मी विचारलं.

"होते. पण बाहेर नाही काढता येत. सगळे भाऊंना नमस्कार करतात."

मी हसले आणि तिथंच हरले.

साचा घेणार कोण, हा प्रश्न होता. गॅरेजवाल्यांचं हे कामच नव्हे. फायबरचं काम पनवेलमध्ये ज्यांना कळतं, ते गाड्या बनवत नाहीत, होड्या बनवतात. खाडीकाठी कोळीवाड्यात धर्मराज यांची शेड आहे. साठीचा माणूस, हाताचे केस रेझिन नावाच्या चिकट रसायनानं कायमचे झडलेले. आम्ही जानेवारीत, कोरड्या हवेत, बॉनेट काढून सत्यजीतच्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर गादीत गुंडाळून नेलं. सत्यजीत ताशी वीसनं चालवत होता. "आपली पोरंसुद्धा हॉस्पिटलमधून इतक्या जपून आणली नव्हती," तो म्हणाला.

धर्मराजनी बॉनेटवरून उलटा हात फिरवला. "ह्ये कुनी क्येलं? चांगल्या मानसाचा हात हाय." मग बोटं नाकाशी नेली. "ताई, याला काय लावता तुमी?"

इरा शेजारीच उभी होती. तिच्या फोनमध्ये तो ग्रुप, ग्रुपवर ते दहा अंगठे.

"काही नाही," मी म्हणाले. "पाणी. आणि कापड."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं. पानी तर पानी."

काम दोन दिवस चाललं. आधी वॅक्सचे थर, त्यावर साचा सुटून यावा म्हणून एक पातळ हिरवं औषध, ते वाळलं की पापुद्रा होतो. त्या पापुद्र्यावर रेझिन आणि काचेच्या धाग्यांची मॅट, थरावर थर. इरा सुट्टी काढून आली होती, ब्रश धुऊन देत होती. मी खुर्चीवर बसून देखरेख करत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. धर्मराजांच्या बायको गंगाबाई बाजारातून मासे विकून परतल्या की मला बघून म्हणायच्या, "अगो बाय, आज पन? पोरीचं बालंतपन हाय का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी साचा उचलायचा होता. धर्मराजनी कडेला प्लास्टिकच्या पाचरी सरकवल्या, रबरी हातोडीनं टकटक केलं. दोन्ही बाजू सुटल्या. मागची कड सुटली. पुढचा, नाकासारखा निमुळता भाग मात्र हलेना. त्यांनी फटीतून पाणी सोडलं. हलेना. पुन्हा टकटक केली, मग हातोडी खाली ठेवली आणि बोटानं फटीतला हिरवा पापुद्रा काढून उजेडात धरला. त्याला जाळीसारखी भोकं पडली होती.

"वंगनावर बसत नाय ह्ये," ते शांतपणे म्हणाले. "ताई, मी इचारलं हुतं."

इरा माझ्याकडं बघत होती. सत्यजीतही. नवऱ्याला तर माहीतच होतं, बाटली बाथरूमच्या फळीवर कमी होताना त्यानं पाहिली होती. 

"खोबरेल," मी म्हणाले. "वीस वर्षं. दर रविवारी."

 मग इराचा आवाज, बारीक, "काकू, पण तुम्ही तर ग्रुपवर..."

"हो. लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं."

"मंग आदी सांगायचं ना!" धर्मराज आता चिडले. "धा मिनटांचं काम हुतं! धुवून घेतलं असतं. खोबरेल काय दारू हाय, लपवायला?"

मला त्या क्षणी रडू आलं नाही, याचं श्रेय मी सत्यजीतला देते. तो मध्येच म्हणाला, "आमच्या घरात मला पन्नाशीपासून टक्कल आहे. तेल गाडीलाच लागायचं." बाजाराला निघता निघता दारात थांबलेल्या गंगाबाई पहिल्या हसल्या. मग धर्मराज, तोंड फिरवून.

आता करायचं काय? जोर लावला तर पुढचा लाल थर साच्याबरोबर निघणार. साचा कापून काढला तर बॉनेट वाचेल, पण इराचं बॉनेट गेलं, आणि पुन्हा दुसऱ्यांदा मी हे करायला धजावले नसते, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

"कापा," इरा म्हणाली. तिचं मला तेवढ्यासाठी कौतुक वाटतं. "कापा, दादा. काकूंचं बॉनेट राहू दे."

धर्मराज करवतीकडं वळले. मी काही बोलणार तोच गंगाबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून खाली ठेवली. "थांबा वो. गारठवून बघा की. थंडीनं आकसतं सगलं. तुमच्याच होडीची ती टाकी नाय का त्या येळेला थंडीत साच्यातून आपोआप सुटली? इतकी वर्सं फायबर करता आन माज्याकडं बर्फ हाय त्याची याद नाय."

धर्मराजनी करवत तशीच हातात धरली. "ती टाकी रातीच्या गारठ्यानं सुटली हुती."

"मंग? माजा बर्फ रातीपेक्षा गार हाय."

त्यांनी दोन थर्माकोलच्या पेट्या ओढत आणल्या. फोडलेला बर्फ, त्यात एखाद-दुसरा बोंबील राहून गेलेला. बॉनेट साच्यासकट उलटं केलं, म्हणजे आतली बाजू वर आली, आणि नाकाच्या खोलगट भागात बर्फ भरला. वर गोणपाट. इराची फिजिओथेरपी जागी झाली. "वीस मिनिटं, मग काढायचा, मग पुन्हा वीस. सुजलेल्या गुडघ्यासारखं." गंगाबाईंनी तिच्याकडं बघून मान डोलावली, जणू एका धंद्यातलं माणूस भेटलं.

आम्ही चहा घेतला. वीस मिनिटांनी काही नाही. चाळीस मिनिटांनी काही नाही. खाडीला भरती लागली होती, शेडमागच्या होड्या एकमेकींना हलकेच आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला मी उठत होते. सत्यजीत म्हणाला, "बस गं, ती होडी आहे." तिसऱ्या वेळेला मी उठले नाही आणि नेमका तेव्हाच तो आवाज झाला. टक्. सुपारी फुटल्यासारखा. धर्मराजनी गोणपाट बाजूला केलं, अंगठ्यानं कड दाबली, कुठल्यातरी देवाचं नाव घेतलं आणि बॉनेट उचललं.

ते आलं. साचा खाली राहिला, आरशासारखा, अखंड. नाकाच्या टोकाशी माझ्या बॉनेटवर एक पांढुरका डाग होता, टिकलीएवढा. तेवढा लाल पापुद्रा साच्यात राहून गेला होता.

मी डागावर बोट ठेवलं. मी वाट बघत होते, की आता मला खूप वाईट वाटेल. थोडं वाटलं. अपेक्षेपेक्षा बरंच कमी. जास्त वाटत होतं ते हलकं, दाताचं दुखणं थांबल्यावर वाटतं तसं.

"भरून देऊ?" धर्मराजनी विचारलं. "उघडं ऱ्हायलं तर फायबर पानी पील. रंग जुलवून देतो. पन बगनाऱ्याला कलंल. खोटं नाय सांगत."

"भरा," मी म्हणाले. "कळू दे."

घरी जाण्याआधी त्याच शेडमध्ये उभं राहून मी ग्रुपवर सगळं लिहिलं. तेल, डाग, बर्फ, बोंबील. अंगठे आले नाहीत. कोइमतूरच्या मालकांनी अर्ध्या तासानं विचारलं, "तेल कुठल्या ब्रँडचं?" आणि मग तिघांनी विचारलं, साचा जपून ठेवणार का, आम्हालाही बॉनेट हवंय.

महिन्याभरानं इराचं बॉनेट ओतून झालं. धर्मराजनी त्यात तसाच लाल रंग घातला होता. ते बसवायला आम्ही रोडपालीला जमलो, मी माझी कोरल घेऊनच गेले होते. गंगाबाईसुद्धा आल्या, "बगू तरी, कशासाठी माजा बर्फ गेला" म्हणत. भाऊंचा फ्लेक्स इरानं घडी घालून बाजूला ठेवला. बॉनेट उचललं, बिजागरीवर टेकवलं, आणि ते डावीकडं चांगलं दीड बोट बाहेर आलं.

इराचा चेहरा उतरला. "साचा चुकला?"

धर्मराज खाली वाकून दोन्ही गाड्यांच्या फटी बोटानं मोजत राहिले. मग उठून कंबर सरळ केली. "साचा बराबर हाय. गाड्याच दोन तऱ्हेच्या हायत. हातानं बनवल्यात ना. आमच्या होड्यापन एकीसारखी दुसरी नसते."

म्हणजे वीस वर्षं जो खरा आकार मी जपला होता, तो फक्त माझ्या गाडीचा खरा आकार होता. हे ऐकून सत्यजीत इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. मीही हसले असते, पण माझ्या हातात बॉनेटचं नाक होतं.

"धरून ऱ्हावा, ताई. हलू नका," धर्मराज म्हणाले, आणि त्यांनी कानस काढली. दुसरी बाजू इरानं धरली. लाल भुकटी माझ्या साडीवर, तिच्या बुटांवर पडत होती. दर दहा-बारा घासण्यांनंतर ते थांबत, बॉनेट टेकवून बघत, मान हलवत आणि पुन्हा घासायला घेत.

"अजून किती, दादा?" इरानं विचारलं.

"बसंल," ते म्हणाले. "घाई कोनाला हाय?"

"मला," इरा म्हणाली. "मला आहे."