झऱ्याआडचा खडक

इंदुमतीने पोहरा वर ओढला. तळाशी होतं ते ओंजळभर गढूळ पाणी तिने पदरातून गाळून कळशीत सोडलं. घरी तान्ह्या नंदूला जुलाब लागले होते. उकळलेलं पाणी चमचा-चमचा पाजत राहा, असं जामखेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बहात्तर सालच्या त्या दुष्काळात वस्तीवर एवढीच विहीर ओली होती आणि तिचं पाणी फक्त दुखणेकऱ्यासाठी राखलेलं. बाकीच्या बाया कोसभर लांबच्या नदीत वाळू उकरून पाणी आणत.

कानिफनाथ सुरुंगवाला काठावर पहार पुसत बसला होता.

"खडकाआड झरा हाय. फुटला तर समद्या वस्तीला पानी. न्हाई फुटला, तर हाय हे बी फटीतनं जाईल."

"मला नका इचारू," विहिरीची मालकीण गोजरबाई इंदुमतीकडे बोट दाखवत म्हणाली. "पानी मास्तरीनबाईच्या लेकराला राखलंय. ती व्हय म्हनली तरच उडवा."

"लई शिकल्याल्या हायेत त्या," मागून कुणी तरी टोमणा मारला. "त्यांना जड न्हाई जायचं."

नगरच्या कॉलेजात 'जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख' या प्रश्नावर इंदुमतीने पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. त्या उत्तरात नंदू नव्हता. तिने दोराचा पीळ उगाच उलगडला, पुन्हा घातला.

"उडवा," ती म्हणाली, आणि कळशी उचलून मागे न बघता चालू लागली.

सुरुंगाचं भोक पाडायला तळ कोरडा लागतो. बायांनी उरलंसुरलं पाणी उपसायला घेतलं. ते आता घरोघर जाईल, हे इंदुमतीने गृहीतच धरलं होतं.

दुपारी ओट्यावर भांडी वाजली म्हणून तिने दार उघडलं. हंडे, घागरी, एक पोचलेलं पातेलं. उपसलेलं सगळं पाणी तिच्या दारात होतं. झुंबरबाई शेवटची घागर टेकवत होती. तिची मुलगी घागरीच्या ओल्या बुडाला बोट लावून चोखत होती.

"अहो, हे वाटून घ्या ना! पोरं सगळ्यांच्याच घरी आहेत."

"आमची जातीन की नदीवर." झुंबरबाईने चुंबळ झटकली. "तुमच्याला पाय कुठं फुटलेत अजून?"

इंदुमती एकेक भांडं उचलून आत नेऊ लागली.

दिवस कलता कलता जमीन हादरली. हंड्यांतलं पाणी थरथरलं. नंदूला खांद्यावर टाकून ती धावत विहिरीपाशी आली. धूर विरला होता. सगळ्या बाया काठापासून चार हात लांब उभ्या होत्या. आत अजून कुणीच वाकलं नव्हतं.

गोजरबाईने नंदूच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"पाजलंस का गं याला?"

इंदुमतीने होकारार्थी मान डोलावली.

मग सगळ्याजणी विहिरीकडे वळल्या.