कॉम्प्युटरच्या समाचाराला

खालापूरच्या आमच्या कारखान्यात एसी एकच होता, तोही कॉम्प्युटरसाठी. मी स्वेटर घालून त्याच्या शेजारी बसायचो.

टेलिफोनची चिप बनवण्याआधी ती कॉम्प्युटरवर खोटीखोटी चालवून बघायची, हे माझं काम. चिपमध्ये हजारो बारके खटके. कॉम्प्युटर एकेकाला विचारी, "बदललास का?" तो म्हणे, "नाही." मग पुढच्याला. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. दिवसचे दिवस जायचे. सोलापूरहून आल्यापासून मी इतकी प्रश्नोत्तरं दुसरीकडे कुठे ऐकली नव्हती.

एका दुपारी वॉचमन पदूदादा डोकावले. "सायेब, ह्ये कवापासून असंच हाय. काय झालंय याला?"

"आजारी आहे," मी म्हणालो. "अंगात त्राण नाही."

पदूदादांनी चपला काढल्या आणि खाली बसले. त्यांच्या गावात आजाऱ्याला एकटं ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको गौराबाई पेज घेऊन आली, सोबत जाऊ चिंधी.

"खातंय का काय?"

"नुसती वीज."

"मंग कसं उठंल ते?" म्हणत तिने पेज माझ्यापुढे सरकवली. एसीची थंडी लागते म्हणून चिंधीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोधडी घातली. मग दोघी भातातल्या खेकड्यांवर, सासूवर, बांधाच्या भांडणावर बोलत बसल्या. मधूनच आवाज खाली आणायच्या, आजारी माणूस आहे म्हणून. मी गोधडी काढली नाही.

पण मोठे साहेब वैतागले होते. चिप वेळेवर गेली नाही, तर हा विभागच बंद करू म्हणाले. मग मी प्रोग्राम बदलला. सगळ्यांना विचारत बसायचं नाही. ज्याच्या शेजारी काही बदललं, त्यालाच विचारायचं. बाकीच्यांना हाकही मारायची नाही. माझ्या एकट्याच्या क्वार्टरला हा नियम आधीपासूनच लागू होता.

कित्येक दिवसांचं काम चहा निवायच्या आत झालं. साहेबांनी पाठ थोपटली. पदूदादा दारात आले.

"उठलं का?"

"ठणठणीत."

"बरं झालं." गोधडी घेऊन ते गेटवर गेले. बऱ्या झालेल्याच्या समाचाराला कोण येतं?

आठवडाभर सगळी कामं वेळेआधी झाली. उरलेल्या वेळात मी पडद्याकडे बघत बसे.

सोमवारी सकाळी मी नव्या प्रोग्रामवर उत्तर काढलं, साहेबांना पाठवलं आणि तेच काम जुन्या प्रोग्रामवर पुन्हा लावलं. मग गेटवर गेलो.

"पदूदादा, दुखणं उलटलं."

त्यांनी जाणाऱ्या एका पोराला आपल्या घरी पिटाळलं. दुपारी गौराबाई पेज घेऊन आली. चिंधीने गोधडी घातली. मी चेहरा पाडून बसलो. त्यासाठी फार कष्ट पडले नाहीत.

"या बारीला लांबंल का?" गौराबाईने हळू विचारलं.

"लांबेल," मी म्हणालो, आणि पेजेची वाटी पुढे केली. "जरा मीठ घाला."