माझ्या हाताचं वल्हं

दुकानातल्या बाईंनी विचारलं मला. उत्तर दिलं ह्यांनी.

"हात कुठला, डावा की उजवा?"

"उजवा," हे म्हणाले, भिंतीवर ओळीने टांगलेल्या वल्ह्यांकडे बघत, अगदी सहज.

मी डावरी आहे. लहानपणी शाळेतल्या बाई डाव्या हातावर पट्टी मारायच्या, म्हणून लिहिते तेवढी उजव्याने. बाकी कात्री धरणं, भाजी चिरणं, ह्यांच्या शर्टाला बटणं लावणं, सगळं डाव्याने. आमची नातवंडंसुद्धा मोठी झाली, आणि ह्या माणसाला अजून माझा हात माहीत नाही!

"मी डावरी आहे," मी म्हणाले.

"अगं, काय फरक पडतो? वल्हं दोन्ही हातांनीच धरायचं ना?" हे हसले. मागे उभ्या असलेल्या वन्संही हसल्या. भावाचा विनोद त्यांनी आजवर कधी वाया जाऊ दिलेला नाही.

रविवारी आमच्या मंडळातली माणसं तलाव ओलांडून पलीकडच्या बेटावर जाणार होती. मला जायचं होतं माझ्या एकटीच्या कयाकमधून, त्या अरुंद छोट्या नावेतून. ह्यांनी मात्र दोघांची कयाक घ्यायचं ठरवलं होतं. मी पुढे बसायचं, हे मागून सांभाळणार. का, तर मी मागे पडते आणि सगळ्यांचा खोळंबा होतो. खूप वाद झाल्यावर एवढं कबूल झालं, की नवं वल्हं घेऊन दुकानाच्या धक्क्यावर मी वल्हवून दाखवायचं. जमलं तर एकटीने जायचं, नाही जमलं तर निमूट ह्यांच्या पुढे बसायचं. या वयात माझी परीक्षा!

मी मागे पडायचे, ही गोष्ट खरी होती. आम्ही पहिल्यांदा त्या तलावावर जायला लागलो तेव्हा काठावर एकही इमारत नव्हती, नुसतं गवत. हे सरसर पुढे निघून जायचे आणि माझी नाव वाकडीतिकडी भरकटायची. घरी येईपर्यंत उजवं मनगट टम्म सुजलेलं असायचं. पट्टी बांधून मी स्वयंपाकाला लागायचे. "ही काय, देखावा बघायला येते," हे पाहुण्यांना सांगायचे, आणि वाढता वाढता मीही हसायचे. मंडळात माझं नाव पडलं कासवबाई.

मी बाईंना म्हटलं, "मी बघते," आणि स्वतःच एकेक वल्हं खाली काढू लागले. दोन्ही टोकांना पाती असलेलं ते वल्हं उभं करायचं आणि शेजारी हात वर करायचा. बोटं वरच्या पात्याच्या टोकावर दुमडली तर माप साधारण बरोबर. घरचं वल्हं उभं केलं की माझा हात पात्याच्या मध्यापर्यंतही पोचत नाही. ह्यांना मात्र ते अगदी बेताचं आहे.

तिसऱ्या वल्ह्यावर बोटं बरोबर दुमडली. दांड्याच्या मध्ये एक जोड होता, त्यावर बटण आणि बाजूला छोटी भोकं. बटण दाबून दांडा फिरवला तशी एका पात्याची दुसऱ्याच्या मानाने दिशा बदलली.

"ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे लावायचं," बाई म्हणाल्या. "उजव्याला असं, डाव्याला तसं. नाहीतर मनगट उगाच पिळत राहतं. जुन्या वल्ह्यांनाही असायचं हे."

आमच्या वल्ह्यांना तिथे पिवळ्या, कडक गोंदाचा ओघळ आहे. थकून थांबले की मी तो नखाने खरवडत बसायचे.

"अहो, आपल्या वल्ह्यांचे जोड तुम्ही चिकटवलेत ना?"

"मग? आणल्यापासूनच हलत होता तो."

"तुमचा हलत होता. माझा?"

"दोन्ही एकदमच चिकटवून टाकले. गोंद उरला होता ना!"

गोंद उरला होता. म्हणून माझं मनगट. म्हणून कासवबाई.

"एवढं काय तोंड करायचं त्यात?" वन्सं म्हणाल्या. "चांगल्यासाठीच केलं ना त्याने?"

"वन्सं, उद्यापासून तुम्ही ह्यांचा चष्मा लावा. चांगल्यासाठीच."

बाई पावतीपुस्तकात तोंड खुपसून हसत होत्या.

धक्क्यावर मी एकटी कयाकमध्ये उतरले. कोणाचा हात धरला नाही. जोड डाव्या हाताप्रमाणे लावला आणि डाव्या मुठीत दांडा घट्ट धरला. एक पातं पाण्यात, मग दुसरं. नाव सरळ निघाली. मनगट काही बोललं नाही. पाण्यातल्या खुणेच्या खांबाला वळसा घालेपर्यंत मला धापसुद्धा लागली नव्हती, आणि तिथे मला रडू फुटलं. आनंदाचं नव्हे. हे अवघड निघालं असतं तर मी ह्यांना माफ केलं असतं. पण हे इतकं सोपं होतं! एका बटणाचं काम होतं.

परत आले तर हे धक्क्यावर टाळ्या वाजवत उभे. "बघ! मी सांगत नव्हतो? नुसता सराव हवा होता!"

मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"रविवारी मी एकटी जाणार. तुमच्या त्या दोन माणसांच्या नावेत पुढे वन्संना बसवा."

"मला?" वन्सं किंचाळल्या. "मला पाण्याची भीती वाटते!"

"ते भावाला सांगा. ऐकतो का बघा."

"अगं, आता चिडतेस कशाला? जमलं ना तुला?" हे वाकून म्हणाले आणि मला वर घ्यायला हात पुढे केला, उजवा.

मी पात्याने धक्क्याला रेटा दिला आणि पुन्हा तलावात निघाले. मागून हाका येत होत्या, जेवणाची वेळ झाली म्हणून. घराची किल्ली त्यांच्या खिशात होती, जेवण घरी झाकून ठेवलेलं होतं. आपल्या हाताने वाढून घ्यायला त्यांना हरकत नव्हती.