सोप्या भाषेचे साहेब

"बोल असं बोल लेका, जसं आडाचं पाणी, तळ दिसावा घड्याला, फसू नये कोणी." जात्यावरची आईची ही ओवी महादेव साहेबांच्या कानात अजून घुमायची. तिच्याच जोरावर त्यांनी बेळगावच्या बस कचेरीत सोप्या भाषेची मोहीम काढली. 'उपरोक्त'ला हद्दपार केलं, 'तथापि'ला घरी बसवलं. बढत्या मिळवल्या, शाली पांघरल्या. सगळे अवघड शब्द गेले, त्यांत 'नाही'सुद्धा गेला.

कणकुंबीकडच्या त्यांच्या गावची खानापूरच्या कॉलेजच्या वेळेची बस बंद झाली. कायमची, हे साहेबांना ठाऊक होतं. पण गावाला त्यांनी गोड, सोपं कळवलं, "तुमची बस जरा दमली आहे. लवकरच भेटू!" त्या भरवशावर थोरल्या बहिणीची, मालुबाईची नात रचना कॉलेज सोडून वर्षभर वाटेकडे डोळे लावून बसली.

साहेबांच्या निवृत्तीचा सत्कार गावानं केला. "साहेबांची भाषा म्हणजे लोणी," असं वक्ता म्हणाला, तशी पहिल्या रांगेतली मालुबाई उठली.

"लोणी लई चाटलं रं महादेवा. बस येणार का न्हाय? न्हाय म्हण, म्हंजे पोरीला खानापुरात खोली तरी बघू. ह्येबी वरीस घालवू व्हय तिचं?"

"आक्का, प्रयत्न चालू..."

"त्ये ऐकलंय."

रचना मामाआजोबाच्या तोंडाकडं बघत होती. साहेबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"न्हाय येणार, आक्का. कवाच न्हाय येणार."