तीन बोटं आणि अंगठा

बहात्तरच्या दुष्काळात गावाला घागरभर पाणी मिळेना आणि मला एका बंदुकीसाठी रोज दोन घागरी मिळत होत्या. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांचा हुकूम! गोदामातली जुनी ठासणीची बंदूक खंडेनवमीच्या पूजेत नव्यासारखी दिसायला हवी होती. नळीला मूळचा तपकिरी रंग चढवण्याची कला वडिलांनंतर एकट्या मला ठाऊक. त्यामुळे मीही ताठ्यातच होतो.

नळीवर एके जागी रंग उडून पांढरं लोखंड दिसत होतं. डाव्या हाताची पकड, तीन बोटं आणि अंगठा. राखणदार सर्जेराव तेरा वर्षं बंदूक तिथंच धरून बसायचा. त्याची करंगळी उसाच्या चरकात गेलेली. चैत्रात तो गोदामाच्या दारात बसल्याजागी मेला, तेव्हा नळीवरची बोटं सोडवायला दोघं लागले.

त्याची बायको साखराबाई गोदाम झाडायची. ती माझ्याकडं आली.

"म्हाळूदादा, बाकी काय बी चकाकवा, तेवढी जागा सोडा. झाडून झालं की मी तितं हात लावते. त्यांचा हात दुसरीकडं कुटं धरू आता?"

"अर्धवट काम मी करत न्हाई, वैनी," मी म्हणालो. आता वाटतं, तेव्हाच जीभ झडायला हवी होती.

नवसागराचं पाणी लावायचं, ओल्या गोणपाटात गंज धरू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचं. बाराव्या दिवशी नळी एकसारखी तपकिरी झाली. बंदूक आणि उरलेलं पाणी सोसायटीत परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर ओला पंजा उमटला होता. करंगळी नव्हती. घरात रांजण कोरडा ठणठणीत आणि दाराच्या फळीवरून पाणी ओघळत होतं. मी पुसलं. पुढच्या सकाळी तो आतल्या खांबावर होता. त्याच्या पुढच्या सकाळी माझ्या उशाशी. मी लई घाबरलो.

खंडेनवमीला सगळ्यांनी माझी वाहवा केली. साखराबाईनं नळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा हात फिरवला. ती रडलीसुद्धा नाही, झाडू घेऊन निघून गेली.

"रंग काढायचाय," मी आप्पारावांना म्हणालो.

"येड लागलं का रं?"

लागलंच होतं. रंग कानशीनं निघाला असता, पण नळीवरची ती पकड कुठल्या कानशीनं उमटणार? ती हातानंच झिजून उमटते. मी राखणदाराची जागा मागून घेतली. रोज गोदामाच्या दारात करंगळी दुमडून नळी तिथंच धरून बसतो. त्या दिवसापासून घरात ओल उमटली नाही.

दोन वर्षं झाली. जागा जराशी पांढरी दिसू लागली आहे. करंगळी मात्र आता सरळ होत नाही.

काल झाडून झाल्यावर साखराबाई आली आणि तिनं नळीवरचा माझाच हात धरला. एरवी म्हाळूदादा म्हणणारी बाई, तिनं नावच घेतलं नाही. डोक्यावर पदर ओढून नुसती म्हणाली, "आवो, घरी चला की."

मी हात काढायला गेलो. बोटं सुटेनात.