गुळव्याची सर्दी

गुऱ्हाळावर गुळव्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उसाचा रस काहिलीत उकळला, मळी निघाली, पाक दाटला, की तो चिमूटभर पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी वळायचा आणि ती गोळी काहिलीच्या काठावर मारून कान लावायचा. टण्ण वाजली की म्हणायचा, "उतरवा." तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा त्याचा नियम. चुलाणात चिपाडं सारणाराही तेवढ्यापुरता खोकला गिळायचा.

मळी काढायला त्याची सून असायची. एकदा मला गोळी मारू द्या, असं ती दर हंगामात म्हणायची. त्याला कान लागतो आणि तो शिकवून येत नाही, असं सांगून सासरा तिला वाटेला लावायचा.

त्या सकाळी सर्दीनं त्याचं नाक चोंदलं होतं आणि कानही गच्च बसले होते. पण कबूल करेल तो गुळव्या कसला! त्यानं गोळी मारली. टण्ण. सगळ्यांनी ऐकलं. त्यानं मात्र अजून वेळ आहे म्हणून मान हलवली. दुसरी मारली, तीही वाजली. पुन्हा मान हलली. सोनेरी पाक तांबूस व्हायला लागला. आणखी थोडा वेळ गेला असता, तर अख्खी काहील कडू झाली असती. सून पेचात पडली. बोलावं तर सासऱ्याची चारचौघांत शोभा, न बोलावं तर गुळाचा कोळसा.

"उतरवा," ती म्हणाली.

कोण बोललं हे गड्यांनी पाहिलंच नाही. इतकी वर्षं त्या शब्दाला हलणारे हात हलले आणि काहील उतरली. गुळव्या लालबुंद झाला. गूळ गार झाल्यावर त्यानं एक खडा तोंडात टाकला. सर्दीत चव कसली कळतेय! पण डोळ्यांना काही सर्दी झाली नव्हती. ढेप मधासारखी पिवळी दिसत होती. तो तडक घरी गेला.

तीन दिवसांनी सकाळी त्यानं पलीकडच्या खोलीतून सुनेला सांगितलं, की चहा उतू जातोय, आवाज येतोय. कान उघडले, तिच्या लक्षात आलं.

गुऱ्हाळावर त्यानं गोळी वळली आणि तिच्या हातात दिली.

"माझे कान अजून बसलेत, सूनबाई. तू ऐक."

तिनं हात उचलला. चुलाणापाशी खोकला गिळला गेला, पण सगळ्यांच्या आधी श्वास रोखला तो सासऱ्यानं.